मिकोशीला खांदा कोणाचा? जपानचे उत्सव, विटाळ आणि बुराकु समाज

"जपानकडे बघा! बुलेट ट्रेन आहे, रोबोट आहेत, पण त्यांनी आपले सण-उत्सव आणि देव सोडले नाहीत. म्हणून तो समाज एकसंध आहे." अशा अर्थाचे संदेश मोबाइलवर सतत फिरत असतात. त्यांचा रोख उघड असतो. तुम्ही चिकित्सा करणारे, तुम्ही सण नाकारणारे, तुम्हीच समाज तोडता, असे त्यांना सुचवायचे असते.

दुसरीकडे आपल्यातही जपानविषयी एक भाबडेपणा आहे. जपान हे बौद्ध राष्ट्र आहे, तिथे जात नाही, असे आपल्यातील बरेच जण सहज बोलून जातात. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई जपानमधून आले आणि नागपूरचे झाले. त्यामुळे त्या देशाविषयी आपल्या मनात आपुलकी आहे आणि ती असायलाही हवी. पण आपुलकीने इतिहास झाकता येत नाही.

या दोन्ही समजुतींना जपानचा इतिहासच उत्तर देतो. त्यासाठी तिथल्या शिंतो उत्सवांकडे, म्हणजे 'मात्सुरी'कडे, नीट पाहावे लागेल. उत्सव समाज बांधतो का? बांधतो. पण तो कोणाला आत घेऊन बांधतो आणि कोणाला बाहेर ठेवून बांधतो, हा आपला प्रश्न आहे.

मात्सुरी म्हणजे नेमके काय?

शिंतो ही जपानची स्थानिक देवपूजा. तिला बुद्धासारखा किंवा येशूसारखा संस्थापक नाही. डोंगर, धबधबा, जुने झाड, पूर्वज, पराक्रमी माणूस, कशातही 'कामी' म्हणजे दैवत असू शकते. कामीच्या देवळाला 'जिंजा' म्हणतात. आज जपानमध्ये अशी सुमारे ८० हजार देवळे आहेत. माणूस लग्न शिंतो पद्धतीने करतो, मेल्यावर अंत्यविधी बौद्ध भिक्खू करतो, आणि विचारले तर तो सांगतो की माझा काही धर्म नाही. धर्माविषयी असे बोलणारा माणूसही गल्लीतल्या मात्सुरीला मात्र हजर असतो.

मात्सुरीचा ढाचा साधारण ठरलेला असतो. आधी शुद्धीकरण होते, त्याला 'हाराए' म्हणतात. मग पुजारी कामीला आवाहन करून तांदूळ, मीठ, मासे आणि साके अर्पण करतो. नंतर कामीला 'मिकोशी' नावाच्या पालखीत बसवतात आणि गावकरी ती खांद्यावर घेऊन वस्तीतून फिरवतात. ढोल वाजतात, आरोळ्या उठतात, पालखी मुद्दाम हिंदकळवली जाते. शेवटी अर्पण केलेले अन्न आणि साके सगळे एकत्र बसून घेतात. या सहभोजनाला 'नाओराइ' म्हणतात.

एका देवळाच्या हद्दीत राहणाऱ्या लोकांना त्या देवळाचे 'उजिको' म्हणतात. शब्दशः अर्थ कुळाची लेकरे. उजिको असणे म्हणजे वर्गणी देणे, देवळाची झाडलोट करणे, पालखीला खांदा देणे आणि सहभोजनाला बसणे. थोडक्यात, उजिको असणे म्हणजे गावात गणले जाणे.

या व्यवस्थेची ताकद नाकारण्याचे कारण नाही. क्योतो शहरातील गिओन मात्सुरी घ्या. इ.स. ८६९ मध्ये साथीचा रोग पसरला असताना देशाच्या तेव्हाच्या ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारून हा विधी केला, अशी त्याची परंपरा सांगितली जाते. पंधराव्या शतकात ओनिनच्या युद्धात क्योतो बेचिराख झाले आणि उत्सव थांबला. तो १५०० साली शहरातील व्यापारी आणि कारागिरांनी पुन्हा उभा केला. १५३३ साली सत्ताधाऱ्यांनी देवळाचा विधी रोखला तेव्हा, विधी नसला तरी चालेल पण आमच्या रथांची मिरवणूक काढू द्या, अशी मागणी शहरवासीयांनी केल्याची नोंद आहे. देव आणि पुजारी बाजूला ठेवूनही लोकांना आपला उत्सव हवा होता. आज या उत्सवात ३४ रथ आहेत आणि एकेका रथाचा भार एकेका गल्लीतील लोक उचलतात.

मार्च २०११ मध्ये ईशान्य जपानला त्सुनामीने धुऊन काढले. घरे गेली, माणसे गेली, देवळांतले ढोल आणि मुखवटेही वाहून गेले. तरीही अनेक किनारी गावांनी तात्पुरत्या निवाऱ्यांत राहत असतानाच आपली नृत्ये आणि मात्सुरी पुन्हा सुरू केली. फुकुशिमा प्रांतातील सोमा येथील घोडेस्वारांचा उत्सव अणुभट्टीचा अपघात झाला त्याच वर्षी जुलैमध्ये छोट्या प्रमाणात का होईना, पण झाला. विखुरलेल्या लोकांना "आपण अजून एक गाव आहोत" हे सांगणारे दुसरे साधन त्या क्षणी त्यांच्याकडे नव्हते.

म्हणजे उत्सव समाज बांधतो हे खरे. आता त्याच दोरीचे दुसरे टोक पाहू.

विटाळाचे दिवस

मात्सुरीची पहिली पायरी शुद्धीकरण आहे. जिथे शुद्धी आहे तिथे अशुद्धीही असणारच. शिंतोमध्ये तिला 'केगारे' म्हणतात. मराठीत तिच्यासाठी अगदी नेमका शब्द आहे, विटाळ. मृत्यूचा, बाळंतपणाचा आणि पाळीचा, असे केगारेचे तीन मुख्य प्रकार. आपल्याकडचे सुतक, सोयर आणि शिवाशिव एका ओळीत मांडा, तीच ही यादी.

इ.स. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या राजदरबारी नियमग्रंथात या विटाळाचे दिवस मोजून दिले आहेत. माणसाच्या मृत्यूचा विटाळ ३० दिवस. बाळंतपणाचा ७ दिवस. पाळीव जनावराच्या मृत्यूचा ५ दिवस, त्याच्या विण्याचा ३ दिवस. मांस खाण्याचा ३ दिवस. तेवढे दिवस त्या माणसाने देवकार्यापासून दूर राहायचे, मग तो पुन्हा शुद्ध.

इथे बाबासाहेबांनी १९४८ सालच्या अस्पृश्यांवरील ग्रंथात केलेला भेद आठवा. जन्म, मृत्यू, रक्त यांचा विटाळ जगातल्या अनेक प्राचीन समाजांनी मानला, हे ते आधी उदाहरणे देऊन दाखवतात. मग विचारतात की त्यात आणि हिंदूंच्या अस्पृश्यतेत फरक काय? फरक हा की तो विटाळ तात्पुरता होता, विधी करून फिटत होता. इथला विटाळ मात्र पिढीजात आहे, तो कशानेच फिटत नाही.

जपानमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकामागून एक घडल्या. ज्यांच्या घरी मृत्यू झाला त्यांचा विटाळ ३० दिवसांत संपला. पण मेलेले जनावर ओढणे, कातडे सोलणे, प्रेते हलवणे, गुन्हेगाराला फाशी देणे, हे ज्यांचे रोजचे काम होते त्यांचे काय? त्यांचे ३० दिवस कधी संपणार? काम रोजचे म्हणून विटाळ रोजचा. बापाचे काम मुलाकडे, म्हणून विटाळही मुलाकडे. एदो काळात म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात राज्यसत्तेने हे कायम करून टाकले. या लोकांना 'एता' म्हणजे घाणीने भरलेले आणि 'हिनिन' म्हणजे माणूस नसलेले अशी नावे दिली. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, लग्ने वेगळी, नोंदी वेगळ्या. त्यांचे वंशज म्हणजे आजचा बुराकु समाज. रंग तोच, भाषा तीच, वंश तोच. फरक फक्त चिकटवलेल्या विटाळाचा.

यातून एक गोष्ट कळते. उत्सवाला दरवर्षी शुद्धता लागते आणि शुद्धता आकाशातून पडत नाही. कोणीतरी घाण उचलतो तेव्हाच बाकीचे शुद्ध राहतात. शुद्धतेचे श्रम एकाचे आणि मान दुसऱ्याचा, ही विभागणी ज्या समाजाने केली त्याने जात घडवली, मग तिला नाव काहीही द्या.

जेतवनाच्या नावाचा उत्सव

गिओन मात्सुरीकडे परत येऊ, कारण तिच्या नावातच आपल्याला चटका लावणारी गोष्ट आहे.

'गिओन' हा शब्द 'गिओन शोजा' यातून आला. गिओन शोजा म्हणजे श्रावस्तीचे जेतवन, अनाथपिंडिकाने तथागतांना दान दिलेला विहार! क्योतोच्या या देवळात गोझु तेन्नो नावाच्या दैवताची पूजा होत असे आणि ते दैवत जेतवनाचे रक्षक मानले जाई. शेकडो वर्षे तिथे शिंतो आणि बौद्ध परंपरा एकमेकींत मिसळून होत्या.

आता बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातील प्रकृतीची कथा आठवा. तथागत जेतवनात असताना आनंद चांडाळ कन्येकडे पाणी मागतात. ती म्हणते, मी चांडाळ आहे. आनंद म्हणतात, मला पाणी हवे आहे, तुझी जात नको. हा जेतवनाचा वारसा आहे.

आणि त्याच जेतवनाचे नाव मिरवणाऱ्या क्योतोच्या देवळात काय होते? मध्ययुगात तिथे 'इनुजिनिन' नावाचा सेवकांचा एक वर्ग होता. या नावातले पहिले अक्षर कुत्र्याचे आहे. देवळाच्या आवाराची सफाई करणे, तिथली आणि शहरातली प्रेते उचलणे हे त्यांचे काम. धनुष्याच्या दोऱ्या विकून ते पोट भरत. उत्सवाच्या दिवशी मात्र मिकोशीच्या मिरवणुकीत हेच इनुजिनिन सगळ्यांत पुढे चालत, कारण वाट शुद्ध करणे हे त्यांचेच काम मानले जाई. मिरवणुकीत पहिले आणि समाजात शेवटचे! उत्सवात तुम्हाला जागा आहे एवढ्यावर कोणी समाधान मानायला सांगत असेल, तर त्याला हे उदाहरण सांगा. जागा मिळणे आणि मान मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडेही गावच्या जत्रेत पूर्वास्पृश्यांना कामे आणि 'मान' नेमून दिलेले असतच. ती जत्रा संपली की तो मानही संपत असे.

१८६८ साली मेइजी सरकारने कामी आणि बुद्ध यांना वेगळे करण्याचा हुकूम काढला. देवळांतून बुद्धमूर्ती हटवल्या गेल्या, देशभर अनेक विहार उद्ध्वस्त झाले. गिओनच्या देवळाचे नाव बदलून 'यासाका' झाले आणि गोझु तेन्नोच्या जागी सुसानोओ हे शुद्ध जपानी दैवत आले. जेतवनाची आठवण देवळाच्या पाटीवरून गेली, पण उत्सवाच्या नावात राहिली. आज लाखो लोक 'गिओन मात्सुरी' म्हणतात, आणि आपण जेतवनाचे नाव घेत आहोत हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. बौद्ध स्थळांची नावे आणि दैवते कशी बदलली जातात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

ढोलाच्या आत लिहिलेले नाव

ढोलाशिवाय मात्सुरी होत नाही. 'ताइको' म्हणजे जपानी ढोल हा आज जगभर जपानची ओळख म्हणून वाजवला जातो. त्याचे खोड लाकडाचे आणि तोंडावर गाईबैलाचे कातडे. हे कातडे कोणी कमावले? एदो काळात मेलेल्या जनावराचे कातडे उचलण्याचा आणि कमावण्याचा धंदा 'एता' ठरवलेल्या लोकांवर सोपवलेला होता. ओसाकाची वातानाबे वस्ती, म्हणजे आजच्या नानिवा भागातील बुराकु वस्ती, हे कातड्याचे आणि ढोलनिर्मितीचे मोठे केंद्र होते.

जुने ढोल दुरुस्तीसाठी उघडले की कधीकधी खोडाच्या आतल्या बाजूला बनवणाऱ्याचे नाव सापडते. वातानाबे वस्तीतील 'ताइकोया मातबेइ' या कारागीर घराण्याचे नाव असेच मिळाले आहे. विचार करा. देवळातला ढोल पवित्र, त्याच्या आवाजाने कामी जागा होतो. पण तो घडवणारा माणूस त्या देवळाचा उजिको होऊ शकत नाही. त्याची सही ढोलाच्या पोटात, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी.

१९८७ साली नानिवातील बुराकु तरुणांनी स्वतःचे ताइको पथक काढले. आमच्या पूर्वजांनी ढोल बनवले, आम्हाला वाजवायला मात्र मिळाले नाहीत, आता आम्ही वाजवणार, ही त्यामागची भूमिका. पथकाचे नाव त्यांनी ठेवले 'इकारी', म्हणजे संताप.

इथे आपल्या चळवळीपुढचा एक जुना वाद उभा राहतो. १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेली ढोरे ओढणे सोडा, मृतमांस खाणे सोडा, असे आवाहन झाले आणि गावोगाव लोकांनी ते काम टाकले. नानिवाच्या तरुणांनी मात्र लादलेल्या कामाचाच झेंडा केला. मग बरोबर कोण? माझ्या मते या दोन मार्गांत विरोध पाहण्याची गरज नाही. काम सक्तीचे आणि अपमानाचे असते तोवर ते टाकणे हीच क्रांती असते. सक्ती मोडल्यावर त्या कामातले कौशल्य स्वतःच्या नावाने, स्वतःच्या दराने आणि स्वतःच्या व्यासपीठावर मांडणे हीही क्रांतीच आहे. कसोटी एकच आहे. हलगी वाजवायची की नाही हे वाजवणारा ठरवतो की गावचा पाटील ठरवतो?

कागदावरची मुक्ती आणि देवळाची वही

१८७१ हे वर्ष लक्षात ठेवा. या एकाच वर्षी मेइजी सरकारने दोन आदेश काढले. एकाने 'एता' आणि 'हिनिन' ही नावे रद्द करून त्यांना सामान्य प्रजा ठरवले. दुसऱ्याने प्रत्येक माणसाने आपल्या भागातील देवळात उजिको म्हणून नोंद करावी असे फर्मावले. नागरिकत्व आणि देवळाचे सदस्यत्व सरकारने एकमेकांना बांधले. उजिको नोंदणीची ही सक्ती दोन वर्षांत बारगळली, पण त्यातून सत्तेची दिशा दिसली.

कागदावर समान झालेले बुराकु लोक साहजिकच गावच्या देवळाकडे वळले. आम्हीही उजिको, आम्हालाही मिकोशीला खांदा द्यायचा आहे, असे ते म्हणू लागले. गावांनी काय केले? ठिकठिकाणी त्यांना उत्सवात घ्यायला नकार मिळाला आणि त्यावरून झगडे झाले. क्योतो-ओसाका-नारा परिसरातील खेड्यांत 'मियाझा' नावाची जुन्या घराण्यांची मंडळे देवळाचा कारभार बघत. त्यांत नव्याने गावात आलेल्या सामान्य शेतकऱ्यालाही प्रवेश नसे, मग बुराकु तर लांबच. १८७३ साली मिमासाका प्रांतात नव्या सरकारविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला. त्या जमावाने बुराकु वस्त्यांवर हल्ला करून माणसे मारली आणि घरे जाळली. हे 'एता' आता आपल्या बरोबरीचे झाले, हा त्यांच्या रागाचा एक विषय होता. आपल्या खैरलांजी आणि खर्ड्याच्या पिढीला या रागाची ओळख आहे.

याच काळात शिंतो हा सत्तेचा धर्म बनला. सम्राट हा सूर्यदेवीचा वंशज म्हणून पवित्र ठरला. १९०६ नंतर सरकारने देवळांचे विलीनीकरण करून सुमारे ७० हजार छोटी देवळे मोडली, आणि त्यांबरोबर वाड्यावस्त्यांचे कितीतरी उत्सव संपले. म्हणजे 'परंपरा जपणारा जपान' ही गोष्टही अर्धीच खरी आहे. सत्तेला सोयीची परंपरा जपली आणि गैरसोयीची मोडली.

नारा प्रांतातील होरा या बुराकु गावाची कहाणी यात सगळ्यांत बोलकी आहे. उनेबी डोंगराच्या कुशीत हे सुमारे २०० घरांचे गाव होते. पहिला सम्राट मानल्या जाणाऱ्या, पण इतिहासात पुरावा नसलेल्या जिम्मूची समाधी त्याच डोंगराच्या पायथ्याशी एकोणिसाव्या शतकात ठरवली आणि बांधली गेली. १८९० साली जवळच काशिहारा येथे त्याचे देऊळ उभे राहिले. मग अडचण झाली ती होरा गावाची. 'अशुद्ध' लोकांचे गाव वर आणि पवित्र समाधी खाली! १९१७ ते १९२० या काळात अख्खे गाव तिथून हलवले गेले. कागदोपत्री गावाने जमीन 'स्वतःहून' अर्पण केली होती. कल्पित पूर्वजाच्या पावित्र्यासाठी जिवंत माणसांचे गाव उठवले गेले.

सुइहेइशा आणि काळाराम

त्याच नारा प्रांतातील तरुणांनी पुढाकार घेतला आणि ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये 'सुइहेइशा' म्हणजे समतल करणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिच्या जाहीरनाम्याचा मसुदा साइको मांकिची यांनी लिहिला. ते स्वतः एका बुराकु गावातील बौद्ध विहाराच्या घरात वाढले होते. आमच्यावर दया करू नका, आम्ही माणूस म्हणून स्वतःचा आदर करतो, हा त्या जाहीरनाम्याचा सूर होता. दया नको, हक्क हवा! दोन वर्षांनी, १९२४ साली, मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन होणार होती.

सुइहेइशाने आधी कोणाला जाब विचारला? आपल्याच पंथाला. बहुतेक बुराकु लोक बौद्धांच्या जोदो शिंशू पंथाचे आणि होंगानजी या मठांचे अनुयायी. सुइहेइशाने मठांना बजावले की पुढची २० वर्षे बुराकु लोकांकडून देणग्या घेऊ नका. गरिबांच्या पैशांवर मठ मोठे झाले, पण भेदभावाविरुद्ध गप्प राहिले, हा आरोप होता. पुढे हेही उघड झाले की अनेक विहारांनी बुराकु मृतांना अपमानकारक मरणोत्तर नावे दिली होती. थडग्यावरही जात! म्हणून मी म्हणतो की देशात बुद्धमूर्ती असणे पुरेसे नाही. विटाळाशी लढाई सोडून दिलेला बौद्ध धर्मही जातीची नोकरी करू लागतो.

आता आपल्या इतिहासातला एक प्रसंग जोडून पाहा. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. ९ एप्रिलला रामनवमी होती. रामाचा रथ स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून ओढायचा अशी तडजोड ठरली. पण ऐनवेळी सवर्णांनी अस्पृश्यांचे हात लागण्याआधीच रथ पळवला आणि दगडफेक झाली. प्रश्न रथाच्या दोरीचा नव्हता, जसा जपानमध्ये तो मिकोशीच्या दांड्याचा नव्हता. ज्या दोरीला सगळे हात लागतात तिथे सगळे माणूस ठरतात, हे दोन्हीकडच्या सवर्णांना पक्के ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी रथ पळवला.

बाबासाहेबांनी त्या अनुभवातून निष्कर्ष काढला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा. रथाला हात लावू द्या, या मागणीपासून सुरू झालेला प्रवास रथच नको इथपर्यंत गेला. बुराकु चळवळ आपल्या पंथातच राहून लढत राहिली. कायदे, निवास, शिक्षण यांत तिने मोठे यश मिळवले. १९६९ साली सरकारला त्यांच्या वस्त्यांसाठी खास कायदा करावा लागला, २०१६ साली भेदभाव निर्मूलनाचा कायदाही आला. पण विटाळाची कल्पना ज्या मुळातून येते त्या मुळाला हात घातला गेला नाही. १९७५ साली उघडकीला आले की बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना गुपचूप विकल्या जात होत्या. नोकरीला घेताना उमेदवाराचा पत्ता तपासायचा! देवळाच्या वहीत ज्यांचे नाव घेतले नाही, त्यांचे नाव या यादीत मात्र अचूक होते.

"हा धर्म नाही, संस्कृती आहे"

युद्धापूर्वी जपान सरकार म्हणे की देवळातली पूजा हा धर्म नाही, ते नागरिकाचे कर्तव्य आहे. म्हणजे कोणी धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा काढायलाच नको. डिसेंबर १९४५ मध्ये ही व्यवस्था मोडली गेली आणि १९४७ पासून लागू झालेल्या राज्यघटनेने धर्म आणि सरकार वेगळे केले. पण युक्तिवाद संपला नाही. सरकारी इमारतीच्या भूमिपूजनात शिंतो विधी केला म्हणून त्सू शहराविरुद्ध खटला झाला, तेव्हा १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सामाजिक चालीरीत ठरवली. १९९७ साली मात्र एहिमे प्रांताने देवळांना सरकारी पैशातून केलेले अर्पण घटनाबाह्य ठरले.

आपल्या तरुणांनी सागा जिल्हा न्यायालयाचा २००२ सालचा निकाल विशेष लक्षात ठेवावा. तिथल्या एका रहिवासी मंडळाच्या वर्गणीत देवळाचा पैसाही धरलेला होता. तो द्यायला नकार देणाऱ्यांना मंडळाने सदस्य मानायचे थांबवले. न्यायालयाने हे बेकायदा ठरवले. गल्लीत राहण्याचा हक्क आणि देवाला पैसे देण्याची सक्ती यांची गाठ न्यायालयाने सोडवली. वर्गणीच्या पावतीपुस्तकापुढे आपले किती लोक मुकाट्याने खिशात हात घालतात, ते आठवा.

आणि स्त्रिया? विटाळाची गोष्ट त्यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. गिओनच्या काही रथांवर स्त्रियांना आजही चढता येत नाही. फुकुओकातील हाकाता गिओन उत्सवात अशुद्धांना प्रवेश नाही अशा अर्थाच्या पाट्या या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लागत होत्या, आणि त्या 'अशुद्धां'त स्त्रिया मोडत. २०१८ साली माइझुरु येथे सुमो कुस्तीच्या रिंगणात भाषण करताना महापौर कोसळले. त्यांचा जीव वाचवायला धावलेल्या स्त्रियांना ध्वनिक्षेपकावरून रिंगणाबाहेर जायला सांगण्यात आले. जात आणि पुरुषसत्ता एकाच विहिरीचे पाणी पितात, हे वेगळे समजावण्याची गरज उरत नाही.

आता बदल होतो आहे, पण त्याचे कारणही पाहा. खेडी ओस पडली, तरुण शहरात गेले, मिकोशी उचलायला खांदे उरले नाहीत. मग काल नको असलेले स्त्रियांचे आणि परक्यांचे खांदे आज चालू लागले. २०२४ साली इनाझावा येथील कोनोमिया देवळाच्या प्रसिद्ध 'नग्न उत्सवा'त पहिल्यांदाच स्त्रियांच्या गटांना, अर्थात पूर्ण वस्त्रांत, सहभाग मिळाला. त्या स्त्रियांचे अभिनंदनच करायला हवे. पण गरज संपल्यावरही दार उघडे राहील याची हमी कोण देणार? हमी तत्त्वातून येते, टंचाईतून येत नाही.

आपण काय घ्यायचे?

मित्रांनो, उत्सव नकोतच असे मला म्हणायचे नाही. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, चैत्यभूमीचा ६ डिसेंबर, भीमा कोरेगावचा १ जानेवारी, या दिवसांनी आपल्याला समाज म्हणून उभे केले आहे. त्सुनामीनंतरच्या गावाला ढोलाची जी गरज वाटली, तीच गरज आपल्यालाही आहे. म्हणूनच जपानचा इतिहास आपल्याला सावध करतो.

कुठल्याही उत्सवाला तीन प्रश्न विचारा. सोहळा संपल्यावर मैदान कोण झाडतो? व्यासपीठावर कोण बसतो आणि स्वयंपाकाच्या चुलीपाशी कोण असते? वर्गणी न देणाऱ्या किंवा वेगळ्या पोटजातीच्या घराला आपण आपले मानतो का? हे प्रश्न गावच्या जत्रेला विचारा, गिओनच्या मिरवणुकीला विचारा, आणि आपल्या जयंती मंडळालाही विचारा. महार, मांग, चांभार, ढोर ही जुनी कुंपणे आपल्याच जयंतीच्या मिरवणुकीत दिसत असतील, तर आपण नवा मियाझा तयार केला असे समजा.

आणि पुढच्या वेळी कोणी "जपानकडे बघा" म्हणाले, तर त्याला सांगा की आम्ही बघितले. आम्हाला मिकोशी दिसली आणि तिच्यापुढे चालणारा इनुजिनिनही दिसला. आम्ही ढोल ऐकला आणि त्याच्या पोटात लिहिलेले नावही वाचले.

जय भीम!